तिसरा रकाना

१

दुपारचे चार वाजले की नेरिडा ट्रेंबाथ गॅसवर किटली ठेवायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा लॅपटॉप स्वतःकडे वळवायची आणि डेन्झिलची वही उघडायची. मार्चमध्ये डेन्झिल गेला. एप्रिलच्या शेवटी तिने हा नेम सुरू केला, आणि त्यानंतर एकही दिवस चुकला नव्हता.

डेन्झिल आयुष्यभर बंदरावरच्या गव्हाच्या कोठारात वजनकाट्यावर होता. शाळा दहावीपर्यंतच झालेली, पण आकड्यांचं वेड जबर. कामावरून आला की मागच्या बंदिस्त पडवीत आपल्या संगणकासमोर बसायचा. जगभरातले त्याच्यासारखेच काही लोक मिळून प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधत होते. एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय जिला कोणीही भागू शकत नाही, अशी संख्या. प्रत्येकाने आपल्या नावावर एक संख्या मागून घ्यायची आणि घरच्या संगणकाला ती तपासायला लावायची. डेन्झिलच्या शेवटच्या संख्येत दोन कोटींहून जास्त आकडे होते. तो म्हणायचा की ही कागदावर लिहायला घेतली तर आपल्याला घराबाहेर झोपावं लागेल.

तपासणीची रीत मात्र साधी होती. चारापासून सुरुवात करायची. त्याचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या राक्षसी संख्येने भागायचं आणि जी बाकी उरेल तिचा पुन्हा वर्ग करायचा. असं पावणेआठ कोटींहून जास्त वेळा. अगदी शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली तर नाही.

दर दहा लाख पायऱ्यांनंतर संगणक त्या वेळच्या बाकीची शेवटची सोळा चिन्हं दाखवायचा, काही आकडे, काही अक्षरं. डेन्झिल ती पेन्सिलीने वहीत उतरवायचा. अशा एकूण अठ्ठ्याहत्तर ओळी व्हायच्या होत्या. तो गेला तेव्हा एक्कावन्न झाल्या होत्या.

वहीच्या पानावर त्याने नेहमीप्रमाणे तीन रकाने आखले होते. पहिल्यावर लिहिलं होतं ‘मी’, दुसऱ्यावर ‘दुसरा’ आणि तिसऱ्यावर ‘गरज पडल्यास’. कारण या लोकांचा एक नियम होता: एकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक संख्या दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या यंत्रावर, पहिल्यापासून तपासायची. दोघांचं जुळलं की ती संख्या बंद. नाही जुळलं तर तिसरा. बावीस वर्षांच्या वह्यांमध्ये तिसरा रकाना एकदाच भरलेला होता.

अंत्यविधीनंतरच्या गडबडीत डेन्झिलचं यंत्र नणंदेच्या जावयाने नेलं आणि आतलं सगळं पुसून टाकलं. नेरिडानेच ‘ने’ म्हटलं होतं, पडवीतली ती घरघर तिला ऐकवत नव्हती. आठवड्याने तिच्या लक्षात आलं की त्याची अर्धी झालेली संख्याही त्याबरोबर गेली. मग तिने तीच संख्या स्वतःच्या नावावर मागून घेतली, आपल्या जुन्या लॅपटॉपवर पहिल्यापासून लावली, आणि ‘दुसरा’ या शब्दाखाली निळ्या पेनाने लिहायला लागली.

रोज एक ओळ. त्याची ओळ डावीकडे, तिची शेजारी मधल्या रकान्यात. ती बोट ठेवून चिन्हामागून चिन्ह पडताळायची. सोळाच्या सोळा जुळायची. मग ती चहा ओतायची. दिवसभरात कोणीतरी तिच्याशी सहमत झालंय असं वाटणारी तेवढीच वेळ.

२

कोरल, डेन्झिलची बहीण, दर बुधवारी बेकरीतून मटण-बटाटा भरलेल्या दोन पेस्टी घेऊन यायची आणि आल्या आल्या घर विकायचा विषय काढायची.

“नवरा गेल्यावर बायका बाग करतात, हिरवळीवर चेंडू गडगडवत बोल्स खेळायला जातात,” ती त्या बुधवारी म्हणाली. “तू भागाकार करतेस.”

“मी कुठे? लॅपटॉप करतो. मी उतरवून घेते.”

“आणि समज, निघाली ती मूळ. मटण स्वस्त होणारे?”

नेरिडाला हसू आलं. तिने समजावून सांगितलं की बहुतेक नाहीच निघणार. हजारात एकही निघत नाही. कोरलने विचारलं की नाही निघाली तर मग तिला कोण भागतं ते तरी कळेल ना. नेरिडाने मान हलवली. तेही कळत नाही. डेन्झिल सांगायचा, या तपासणीची हीच गंमत आहे. ती फक्त एवढं सांगते की आत कोणीतरी आहे. कोण आहे, केवढा आहे, ते नाही सांगत. कित्येक संख्या अशा आहेत की त्यांच्या आत कोणीतरी असल्याचं पक्कं माहीत आहे, आणि आजवर कोणी त्याला पाहिलेलं नाही.

“माझा भाऊ म्हणजे,” कोरल म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. आखातावरून थंड वारा सुटला होता, छपराचे पत्रे धडधडत होते.

त्या दिवशी चार वाजता एक्कावन्नावी ओळ आली. जुळली. डाव्या रकान्यात त्याच्याखाली कोरा कागद होता. नेरिडाने पेस्टीचा उरलेला तुकडा चावता चावता तसाच बशीत ठेवला. उद्यापासून तिने लिहायचं आणि ते कोणाशीच पडताळायचं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी तिने बावन्नावी ओळ लिहिली, सवयीने डावीकडे बोट नेलं, चिन्हं पडताळली, जुळली, आणि वही मिटली.

चहाचा पहिला घोट घेताना तिच्या हातातला कप थांबला.

तिने वही पुन्हा उघडली. डाव्या रकान्यात बावन्नावी ओळ होती. पेन्सिलीची, डेन्झिलच्या तिरप्या अक्षरातली. आपणच मोजायला चुकलो असणार, त्याने बावन्न लिहिल्या असतील, असं ती स्वतःशी म्हणाली. दुःखात माणूस मोजायला चुकतोच. तिने वरपासून पुन्हा मोजल्या आणि मग अजून एकदा.

त्यानंतरच्या सकाळी तिने न्याहारीआधीच वही उघडली. त्रेपन्नावी ओळ तिथे होती.

लॅपटॉप अजून तिथवर पोहोचला नव्हता. दुपारी चारला पोहोचला, आणि पडद्यावर जे उमटलं ते सकाळीच पेन्सिलीने लिहिलेलं होतं. सोळाच्या सोळा.

४

ती घाबरट बाई नव्हती. शाळेच्या उपाहारगृहात तिने एकोणीस वर्षं पोरांना आवरलं होतं. तिने आधी स्वतःवरच संशय घेतला. झोपेत उठून लिहीत असेन. तिने घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून डब्यात घातल्या, डब्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि वर सही केली. सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. चोपन्नावी ओळ लिहिलेली होती.

मग तिला खरा प्रश्न सुचला. झोपेत का होईना, मी लिहिलं असेल. पण मला माहीत कुठून?

तिने ओझोलिन्सना फोन केला. ते आखातापलीकडे व्हायअल्ला गावात राहायचे, डेन्झिलसारखेच संख्या तपासायचे. दोघांची वीस वर्षं पत्रांतून आणि फोनवरून ओळख होती. खरं काय ते तिने सांगितलं नाही. मधल्या पायऱ्या गाळून पुढची बाकी आधीच कळू शकते का, एवढंच विचारलं.

“नाही हो,” ओझोलिन्स म्हणाले. “बुधवार झाल्याशिवाय गुरुवार येतो का? प्रत्येक पायरी मागच्या पायरीतूनच निघते. उडी मारता येत नाही.”

“आणि कोणाला आधीच माहीत असेल तर?”

“तर त्याने बसून केलंय सगळं. एकेक पायरी.”

आणि तिसरा कधी लागतो, तिने विचारलं. ओझोलिन्स खुलले. दोघांचं एक चिन्ह जरी वेगळं आलं तरी लागतो, म्हणाले. तो पहिल्यापासून सुरू करतो. कोणीही असू शकतो, आपण निवडायचा नसतो. फक्त त्याने आधीच्या दोघांचं पाहायचं नाही, तीच त्याची इमानदारी. मग तो ज्याच्याशी जुळेल तो खरा. राहिलेल्याची तपासणी खोडून टाकायची.

फोन ठेवल्यावर ती मागच्या पडवीत गेली. महिनाभर तिने ते दार उघडलं नव्हतं. खोलीत टेबल होतं, खुर्ची होती, भिंतीवर संगणकाच्या मागचा फिकट चौकोन होता. जूनचा, इथल्या ऐन हिवाळ्याचा गारठा फरशीतून वर येत होता. तिने टेबलावर जिथे यंत्र असायचं तिथे तळहात ठेवला.

लाकूड कोमट होतं.

५

भीती दोन दिवस टिकली. मग तिच्या जागी जे आलं त्याची नेरिडाला थोडी लाजच वाटली. तिला बरं वाटायला लागलं.

सकाळी उठून वही उघडायची, नवी ओळ बघायची. एखाद्या ओळीत पेन्सिल जरा जाड लागलेली असायची, तेव्हा ती म्हणायची, टोक कर की रे. ती दोन कप मांडायला लागली. लॅपटॉपच्या आवाजाखाली कधी कधी तिला दुसरी, जुनी, जड घरघर ऐकू यायची. दाराशी जाऊन कान दिला की थांबायची. ती पुन्हा बसली की सुरू व्हायची. कोरलला तिने काही सांगितलं नाही. कोरल म्हणाली, तुझा चेहरा सुधारलाय, आता कोणी घर बघायला आलं तरी चालेल.

साठ. पासष्ट. सत्तर.

सत्तरीनंतर तिला झोप लागेना. आठ ओळी राहिल्या होत्या. मूळ निघो वा न निघो, अठ्ठ्याहत्तराव्या ओळीला दोघांचं जुळणार. आणि दोघांचं जुळलं की संख्या बंद होते. मग त्याला वहीकडे येण्याचं कारणच उरणार नव्हतं.

सत्त्याहत्तराव्या दिवशी सकाळी त्याची ओळ होती. दुपारी चारला पडद्यावर तीच उमटली. नेरिडाने लॅपटॉपचं काम थांबवलं, पडदा तसाच उघडा ठेवला. पेन उचललं, पाच चिन्हं बरोबर लिहिली. सहावं चिन्ह तीन होतं.

तिने नऊ लिहिलं.

पुढची दहा चिन्हं बरोबर लिहिली. एका चिन्हाचा फरक. आता जुळलं नाही. आता संपणार नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या रकान्यात नवी ओळ नव्हती.

त्याच्या पुढच्या सकाळीही नव्हती. पडवीतलं टेबल गार पडलं होतं. घरघर थांबली होती, आणि आता तिच्या लक्षात आलं की घर किती रिकामं आहे. पत्रा वाजला की तो फक्त पत्राच वाजायचा. तिने कोऱ्या रकान्याकडे बघत हळूच म्हटलं, “डेन्झिल, मी मुद्दाम केलं रे.” दुसऱ्या कपातला चहा गार झाला आणि तिने तो मोरीत ओतला.

तिला कळायला हवं होतं. बावीस वर्षं तो नियमाने वागला होता. दोघांचं जुळलं नाही की दोघांनीही हात बाजूला घ्यायचे आणि वाट बघायची.

तीन दिवसांनी, टेबल पुसताना, खिडकीतून आलेल्या तिरप्या उन्हात तिला वहीच्या तिसऱ्या रकान्यात काहीतरी दिसलं. शाई नव्हती, शिसं नव्हतं. नुसत्या टोकाने कागद दाबून केलेल्या खाचा. सोळा चिन्हं, पहिल्या ओळीची. अक्षर डेन्झिलचं नव्हतं, तिचंही नव्हतं. उभं होतं, अरुंद होतं, आणि इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर बोट फिरवलं तर उंचवटे लागत होते.

तिने पटकन बोट मागे घेतलं. पण तिने मनाला समजावलं. हा नियमच आहे. तिसरा येणारच. तो पहिल्यापासून करेल, सत्त्याहत्तराव्या ओळीला त्याचं तीन येईल, डेन्झिलशी जुळेल. मी खोटी ठरेन. ठरू दे. माझं खोडलं जाईल आणि डेन्झिल परत येईल, निदान एका ओळीपुरता. ती आता याचीच वाट बघायला लागली.

तिसऱ्याचा वेग वेगळा होता. दिवसा तासाला एक ओळ, कधी दोन, आणि रात्री एकही नाही. लिहिताना कोणी दिसत नसे. ती किटली भरायला वळायची, परत बघायची तर ओळ वाढलेली. पडवीतून घरघर येत नव्हती. खुर्ची सरकल्याचा आवाज मात्र यायचा. फार थोडी सरकायची, कोणी बसूनच जरा पुढे झुकावं तशी.

७

बुधवारी कोरल आली ती मागच्या बाजूने, पाण्याच्या टाकीजवळून. आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडा राग होता.

“पाहुणे आहेत तर सांगायचं ना. मी दोनच आणल्यात.”

“कोण पाहुणे?”

“पडवीत बसलंय ते. पाठमोरं. खिडकीवर टकटक केलं तर बघितलंही नाही. खाली मान घालून लिहीतच होतं.”

नेरिडाने टेबलाची कड धरली. “डेन्झिलसारखं होतं का?”

कोरलने पिशवी टेबलावर ठेवली. “नेरिडा, माझा भाऊ पाठमोरा कसा दिसतो ते मला माहीत आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “बाई होती की पुरुष, तेही मला आता सांगता येणार नाही. विचित्रच आहे, नाही का? आत्ता तर पाहिलं.”

दोघी मिळून पडवीत गेल्या. कोणी नव्हतं. खुर्ची टेबलापासून बाहेर ओढलेली होती आणि तिचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. कोरलने पेस्टी खाल्ली नाही. माझ्याकडे राहायला चल, चार दिवस तरी, असं ती तीनतीनदा म्हणाली. नेरिडा नाही म्हणाली. तिसरा रकाना एकसष्टाव्या ओळीवर होता, आणि ती डेन्झिलला सोडून जाऊ शकत नव्हती.

गुरुवारी दुपारपर्यंत शहात्तर झाल्या. सगळ्या जुळत होत्या, डाव्या रकान्याशीही आणि मधल्याशीही. चार वाजता तिने किटली ठेवली नाही. वही उघडी ठेवून ती समोर बसली. ठरवलं की आता नजर काढायची नाही.

बाहेर सीगलांचा गलका चालला होता, आणि मग तो थांबला. स्वच्छ उजेडात, तिच्या डोळ्यांदेखत, सत्त्याहत्तराव्या ओळीत कागद आपोआप दबायला लागला. पहिलं चिन्ह. दुसरं. तिसरं. डेन्झिलचं तेच, तिचंही तेच. चौथं. पाचवं.

मग ते थांबलं.

खूप वेळ थांबलं. तीन काढ, ती मनात म्हणत होती. तीन आहे. पडद्यावर बघ, तीनच आहे. आणि तेव्हा तिला आपल्या उजव्या गालावर काहीतरी जाणवलं. कोणीतरी तिच्या खांद्यावरून वाकून, अगदी सावकाश, मधल्या रकान्यात बघत होतं.

कागद पुन्हा दबला.

नऊ.

उरलेली दहा चिन्हं भराभर आली. जुळली, सोळाच्या सोळा, तिच्याशी. लॅपटॉपच्या पडद्यावर तीन तसाच उजळत होता, आणि डाव्या रकान्यात डेन्झिलने पेन्सिलीने लिहिलेला तीन. पण नियम तिला पाठ होता. दोघांचं जुळलं की राहिलेला खोडायचा.

डाव्या रकान्याच्या वरच्या टोकाशी एक खाच उमटली आणि सरळ खाली आली. ‘मी’वरून, एक्कावन्न ओळींवरून, त्याखालच्या सव्वीस ओळींवरून. कागद फाटला. नेरिडाने दोन्ही हात त्यावर ठेवले, पण खाच हातांखालून जात राहिली.

मग शांतता झाली. तिच्या बाजूची खुर्ची, जिच्यासमोर ती इतके दिवस दुसरा कप मांडत होती, फरशीवरून थोडी मागे सरकली, आणि मग बसल्यासारखी पुढे आली.

अजून एक ओळ राहिली होती. अठ्ठ्याहत्तरावी. तिसऱ्याने ती लिहिली नाही. तो तिची वाट बघत होता. तिचं निळं पेन टेबलावरून गडगडत आलं आणि तिच्या बोटांना लागून थांबलं.